दऱ्यांचा दर्या करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, मेटा आणि 'आता मराठीतही उपलब्ध' अशी पाटी लावणाऱ्या बाकी सगळ्या कंपन्यांच्या भारतीय भाषा विभागांस,

स.न.वि.वि.

'डोंगरदऱ्या' हा शब्द घ्या. तुमच्या ॲपमध्ये जिथे काही लिहून ठेवायची सोय असेल तिथे तो टाइप करा, जतन करा, ॲप बंद करून परत उघडा. शब्द तसाच दिसला तर ठीक. 'डोंगरदर्या' दिसला तर हे पत्र आधी सर्व्हरचं काम पाहणाऱ्या माणसाकडे पाठवा, कारण तुमच्या यंत्रणेने दऱ्यांचा समुद्र करून टाकला आहे.

असं का होतं, ते सांगतो. 'दऱ्या'मधला तो आडव्या रेघेसारखा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा म्हणजे ऱ (क्रमांक ०९३१), मग हलन्त, मग य. दुसरी म्हणजे साधा र (०९३०), हलन्त, त्यानंतर 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं चिन्ह (२००डी) आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात आणि युनिकोडला दोन्ही मान्य आहेत. पण बऱ्याच ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली 'अदृश्य चिन्हं काढून टाका' असा एक गाळणीचा नियम लावलेला असतो. त्यामागचं कारण रास्त आहे, अदृश्य चिन्हं घालून खोटे पत्ते आणि खोटी नावं तयार करता येतात. फक्त या गाळणीतून २००डी निघून गेलं की उरतं र, हलन्त, य, आणि त्याचा होतो रफार. आचाऱ्यांना दिलेले पैसे आचार्यांच्या खात्यावर जातात, सुऱ्यांच्या 'सुर्या' होतात, आणि कऱ्हाडे आडनावाच्या माणसाला आयुष्यभर 'कर्हाडे' म्हणून पार्सलं येत राहतात.

हिंदीला या अक्षराची गरजच पडत नाही, त्यामुळे हिंदी तपासणाऱ्याच्या नजरेला हा दोष कधी पडणार नाही. मराठीत मात्र तो फक्त वऱ्हाड, बिऱ्हाड, गुऱ्हाळ असल्या शब्दांपुरता नाही. 'रा' किंवा 'री' शेवटी असलेल्या बहुतेक पुल्लिंगी नामांना विभक्ती लागली की तिथे हा र येतो: वारा, वाऱ्यावर, सातारा, साताऱ्याला, शेतकरी, शेतकऱ्यांना. शेतीची ॲप काढायची आणि पहिल्याच पडद्यावर ठळक टायपात 'शेतकर्यांसाठी' छापायचं, हा प्रकार इतका सर्रास झाला आहे की आता लोकांनाच तो बरोबर वाटू लागला आहे.

उपाय अवघड नाही. देवनागरीत हलन्ताच्या लगेच नंतर आलेलं २००डी काढू नका, बाकी कुठेही आलं तर खुशाल काढा. इंटरनेटवरच्या पत्त्यांसाठी जे आयडीएनए २००८ नियम आहेत, त्यांतही हेच केलं आहे: हलन्तानंतर असेल तरच या चिन्हाला परवानगी. दुसरं, मजकूर साठवताना 'र, हलन्त, २००डी' हा क्रम य किंवा ह च्या आधी आला तर त्याचा 'ऱ, हलन्त' करून टाका, आणि शोधासाठीच्या सूचीतही तेच करा. नाहीतर एकाने एका पद्धतीने लिहिलेली 'दऱ्या' दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधली तर सापडत नाही. युनिकोडची एनएफसी ही प्रमाणीकरणाची प्रक्रिया हे काम करेल अशा भरवशावर राहू नका. साधा र आणि त्याखाली नुक्ता, असं लिहिलेलं ती ऱ करून देते. जॉइनरवाल्या रूपाला ती हात लावत नाही.

आता तुमचा लाडका शब्द घेऊ, 'ॲप'. मराठीत तो निदान चार प्रकारे साठवलेला सापडतो. ॲप (एकच अक्षर, ०९७२), अॅप (अ आणि वर चंद्र, दोन चिन्हं), अ‍ॅप (मध्ये पुन्हा ते अदृश्य २००डी) आणि ऍप (०९०डी, म्हणजे ए वर चंद्र). ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. तोपर्यंत लोकांनी अ वर चंद्र देऊन भागवलं, आणि ती सवय, ते जुने कीबोर्ड, तो जुना मजकूर सगळं तसंच राहिलं. अ वर चंद्र देणं युनिकोडच्या नियमात बसत नाही, म्हणून आजचे ब्राउझर अनेकदा त्या दोहोंमध्ये ठिपक्यांचं वर्तुळ काढून दाखवतात. ते वर्तुळ टाळायला लोकांनी मध्ये जॉइनर घालायची युक्ती काढली. म्हणजे एका अक्षराच्या गैरसोयीवर तीन जुगाड. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातल्या वर्णमालेत ॲ आणि ऑ दोन्ही आहेत, तेव्हा कीबोर्डवर ॲ ची कळ थेट द्यायला हरकत नसावी. शोधात चारही रूपं ॲ वर आणून ठेवा. प्रमाणीकरण इथेही मदतीला येत नाही, हे कोष्टक तुम्हालाच लिहावं लागेल. चार ओळींचं आहे.

आकड्यांचं प्रकरण याहून मजेशीर आहे, कारण त्यात ॲप नुसतं चुकत नाही, कोसळतं. भाषांचे संकेत नोंदवणाऱ्या सीएलडीआर या सामायिक कोशात मराठीसाठी मूळ आकडे देवनागरी आहेत, हिंदीसाठी इंग्रजी. ॲन्ड्रॉइडवर २०१४ पासून, म्हणजे पाचव्या आवृत्तीपासून, फोनची भाषा मराठी ठेवता येते. ती ठेवली आणि तुमच्या प्रोग्रामरने आकडा मजकुरात बसवताना लोकेल (कोणत्या भाषेच्या-प्रदेशाच्या रीतीने लिहायचं तो संकेत) सांगितलं नाही, की 'किंमत १२.५' असा मजकूर तयार होतो. दाखवायला तो उत्तमच. पण तोच मजकूर कोणी पुढे सर्व्हरला पाठवला, पत्त्यात जोडला किंवा परत आकड्यात बदलायला घेतला की घात. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत पूर्णांक वाचणारं फंक्शन '१२' बिनतक्रार वाचतं, दशांश वाचणारं मात्र '१२.५' पाहून चूक दाखवून थांबतं. त्यामुळे दोष लवकर सापडतही नाही: १२ रुपयांचा व्यवहार होतो, साडेबाराचा होत नाही. ग्राहक तक्रार करतो, तुमचा मदत-कक्ष 'ॲप काढून पुन्हा टाका' म्हणतो, तो टाकतो, पुन्हा तेच. शेवटी कोणीतरी शहाणा त्याला सांगतो, 'फोन इंग्रजीत कर', आणि ॲप चालू लागतं. मराठी भाषा ठेवणाऱ्यांची संख्या तुमच्या तक्त्यात कमी का दिसते, याची जी कारणं शोधता त्यांत हेही धरा.

नियम एका ओळीचा आहे. माणसाला दाखवायचा आकडा असेल तर वापरणाऱ्याचं लोकेल, यंत्राला द्यायचा असेल तर तटस्थ 'रूट' लोकेल. ॲन्ड्रॉइडचं स्वतःचं तपासणी-साधन अशा जागी पिवळी खूण दाखवतं. ती दडपून टाकू नका. शिवाय उलट बाजूही पाहा: वापरणाऱ्याने फोन नंबर, पिन कोड किंवा ओटीपी देवनागरी आकड्यांत टाइप केला तर 'अवैध क्रमांक' असा लाल इशारा देण्याऐवजी तुम्हीच ते दहा आकडे बदलून घ्या.

नावाच्या रकान्यात अजून एक सापळा आहे. 'फक्त अक्षरं चालतील' अशी अट युनिकोडच्या 'अक्षर' वर्गावरून लावली की 'कमल' पास होते आणि 'सीमा' नापास. कारण वेलांटी आणि काना हे युनिकोडच्या हिशेबी अक्षर नाहीत, 'खूण' या वेगळ्या वर्गात आहेत. अनुस्वार आणि हलन्तही तिथेच. दोन्ही वर्ग घ्या, आणि ते २००डी तिसऱ्याच वर्गात बसतं, तेही हलन्तानंतर चालू द्या. नाहीतर कऱ्हाडे पुन्हा दाराबाहेर.

लांबीच्या मर्यादांबद्दल थोडक्यात. 'ज्ञानेश्वरी' वाचणाऱ्याच्या लेखी चार अक्षरं आहेत: ज्ञा, ने, श्व, री. युनिकोडच्या चिन्हांत ती अकरा, यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ३३ बाइट. ऑरॅकलच्या डेटाबेसमध्ये रकान्याला ३० असा आकडा दिला आणि मूळ सेटिंग बदललं नाही, तर ते ३० बाइट असतात आणि ही नोंद आत जाणारच नाही. बाइट मोजून मजकूर कापणारा प्रोग्राम असेल तर शेवटच्या अक्षराच्या जागी काळा चौकट-प्रश्नचिन्ह उमटतं. चिन्हं मोजून कापणारा असेल तर 'ज्ञ' मधोमध तुटून लोंबता 'ज्' उरतो. जोडाक्षर हे एकच एकक धरायचं हा नियम युनिकोडच्या विभागणीत सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. तुमची लायब्ररी त्याआधीची असेल तर ती 'क्ष' चे दोन तुकडे करणार. एसएमएसचंही तसंच: इंग्रजीला एका संदेशात १६० जागा, देवनागरीला ७०, आणि लांब संदेश जोडून पाठवला तर तुकड्याला ६७. दीडशे चिन्हांची मराठी सूचना म्हणजे तीन संदेशांचं बिल. बँका मराठी एसएमएसला नाकं का मुरडतात ते यात आलं.

जोडाक्षरांकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, हे ॲपलला तरी सांगायला नको. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतल्या 'ज्ञा' या एका जोडाक्षराने, त्यात एक अदृश्य चिन्ह पडलं म्हणून, आयओएस ११.२.५ वरचे आयफोन धडाधड कोसळत होते. संदेश आला, उघडला, ॲप बंद. ११.२.६ मध्ये ते दुरुस्त झालं. इतक्या मोठ्या कंपनीच्या चाचणीत हे अक्षर निसटलं, म्हणून ते इथे मुद्दाम नोंदवलं.

याद्यांचा क्रम लावताना काळे आणि काशीकर यांत पुढे कोण? मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, मग क्ष आणि ज्ञ. म्हणून काशीकर आधी, काळे नंतर. युनिकोडच्या क्रमांकांवरून लावलं तर ळ चा नंबर ल ला लागून आहे, त्यामुळे काळे पुढे घुसतात. मराठीचा क्रम सीएलडीआरमध्ये तयार आहे. क्रम लावणाऱ्या फंक्शनला भाषेचा संकेत द्यायचा, एवढंच काम.

आता भाषांतराकडे. इथे दोष भाषांतरकाराचा असतोच असं नाही, बऱ्याचदा त्याला डोळे बांधून बसवलेलं असतं. त्याच्याकडे एका एक्सेलमध्ये शब्द येतात, ते कुठल्या पडद्यावर आहेत ते कळत नाही. इंग्रजीत खिडकी मिटायची, सोय थांबवायची, यंत्र झोपवायचं, यांना वेगवेगळे शब्द आहेत. मराठीत त्याच्याकडून सगळीकडे 'बंद करा' येतं. एका खिडकीत 'सूचना बंद करा' असं बटण असेल, तर ते दाबल्याने समोरची सूचना मिटणार की सूचना येणंच थांबणार, हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? 'मिटवा', 'थांबवा', 'झाकून ठेवा' हे शब्द मराठीत आहेत, पण ते निवडायला पडद्याचं चित्र हवं. प्रत्येक ओळीबरोबर चित्र, जास्तीत जास्त किती लांबी चालेल, आणि रिकाम्या जागेत काय येणार आहे, या तीन गोष्टी द्या.

त्या रिकाम्या जागेवरच मराठीचं सगळं अडतं. तुमचं वाक्य असतं, '(शहर)ला जाणाऱ्या गाड्या'. जागेत नाशिक आलं तर 'नाशिकला', ठीक. पुणे आलं तर 'पुणेला', गोवा आला तर 'गोवाला', सातारा आला तर 'साताराला'. दुसरीतलं पोरही म्हणेल पुण्याला, गोव्याला, साताऱ्याला. मराठीत प्रत्यय लागायच्या आधी शब्द स्वतः बदलतो, याला सामान्यरूप म्हणतात. हिंदीतही आकारान्त शब्द थोडे वाकतात, पण तिथे 'को' सुटा लिहिला जातो आणि शहरांची नावं बहुधा तशीच राहतात, म्हणून हिंदीत हा साचा खपून गेला. मराठीसाठी दोनच मार्ग आहेत. शहरांची यादी ठरलेली असेल तर प्रत्येकाचं सामान्यरूप वेगळ्या रकान्यात साठवा (पुण्या, गोव्या, साताऱ्या). यादी मोकळी असेल, माणसांची नावं असतील, तर वाक्यच बदला: 'गाड्या. ठिकाण: सातारा'. थोडं रुक्ष वाटतं, पण चुकत नाही. तसंच 'अमुकने फोटो पाठवला' चालतं, 'अमुक आला' मध्ये लिंग लागतं आणि ते तुम्हाला माहीत नसतं. 'अमुक आत्ता ऑनलाइन' म्हणा, प्रश्न मिटला.

अक्षरांच्या वळणाचा मुद्दा काहींना चोखंदळपणा वाटेल. मराठी शाळेत मूल गिरवतं तो ल दोन पाकळ्यांचा, श ही मराठी वळणाचा. बऱ्याच फाँटांमध्ये ही दोन्ही वळणं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा 'एमआर' (मराठीचा संकेत) आहे असं सांगितलं की आपोआप लागतात. तुम्ही देवनागरी दिसली की 'एचआय' (हिंदीचा संकेत) लिहून मोकळे होता, आणि मग पहिलीच्या मुलाला ॲपमधला ल आणि वहीतला ल वेगळा दिसतो. वेब पानावर भाषेचा संकेत बदलायला एक मिनिट लागतं. त्याच वेळी ओळीची उंचीही पाहून घ्या, इंग्रजीसाठी बेतलेल्या बटणात 'सुट्ट्या' खालून आणि 'वर्षांची' वरून कापलं जातं. अक्षराच्या दीडपट उंची ठेवली तर बहुतेक भागतं.

राहता राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता, जिच्या प्रत्येक घोषणेत भारतीय भाषांचा आकडा असतो. काही बाबतीत खरंच फरक पडला आहे. मजकुराचे जे तुकडे मोजून ही मॉडेलं चालतात, त्यांची नवी मोजणी ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ बरोबर आणली, तेव्हा त्यांनी दिलेल्या नमुना मजकुराचे मराठीतले तुकडे ९६ वरून ३३ झाले. त्याच मजकुराला इंग्रजीत आधी २७ लागायचे, आता २४. म्हणजे जिथे मराठीत बोलायला साडेतीनपट मोजावं लागत होतं तिथे आता दीडपटीच्या आत आलं. हे कौतुकाचं काम आहे आणि ते कौतुक आम्ही राखून ठेवत नाही.

पण बोलून लिहिण्याच्या सोयीत ळ चा ल होतो, आणि 'धरणातला गाळ काढला' चं काय होतं ते तुम्हीच वाचून बघा. वाचून दाखवणारा आवाज 'चार' आणि 'चारा' मधला च एकसारखा उच्चारतो. मराठीत ते दोन वेगळे च आहेत, 'माझी' आणि 'माझा' मधला झ ही तसाच वेगळा. लिहिताना फरक दिसत नाही, म्हणून हा उच्चारकोश कोणीतरी मराठी माणसाने बसून तयार करावा लागतो, हिंदीचा आवाज उसना घेऊन भागत नाही. आणि 'धन्यवाद' म्हटल्यावर 'तुमचं स्वागत आहे' असं उत्तर देणारं मॉडेल मराठी शिकलंय असं कोणी सांगू नये. इथे लोक 'त्यात काय!' म्हणतात.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. एवढ्यांसाठी वेगळा विभाग काढा असं आम्ही म्हणत नाही. प्रत्येक ॲपमागे मराठी घरात वाढलेला एक तपासनीस ठेवा, त्याचा फोन मराठीत असू द्या, आणि नवी आवृत्ती अडवून धरायचा अधिकार त्याला द्या. तोपर्यंत निदान खालचं वाक्य तुमच्या चाचणीत घाला:

'कऱ्हाडच्या शेतकऱ्यांनी सुट्ट्यांमध्ये साताऱ्याला जाताना काळे यांच्या ॲपवरून १२.५० रुपये भरले.'

ते टाइप करा, साठवा, परत वाचा. कऱ्हाड, शेतकऱ्यांनी आणि साताऱ्याला यांत रफार आला तर गाळणी तपासा. ॲप मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ आलं तर कीबोर्ड. 'ट्ट्यां' कापलं तर ओळीची उंची. 'काळे' शोधून हे वाक्य सापडलं पाहिजे, 'काले' शोधून नाही. फोन मराठीत ठेवून १२.५० चा व्यवहार खरोखर करून पाहा, साडेबाराच, बाराचा नको.

आपले,
मराठीत टाइप करणारे आणि तुमच्या चुका रोज दुरुस्त करून पुढे पाठवणारे काही जण